लाल गाडीला नावं ठेवताना

गाडी घ्यायची ठरली ती माझ्या हौसेसाठी नव्हे, बायकोच्या मणक्यासाठी. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण त्यानंतरचे आठ महिने मी ते फार सोयीस्करपणे विसरलो होतो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आम्ही राहायला मुरबाडला आणि तिची शाळा टोकावड्यापासून आत सहा किलोमीटर. सकाळी टोकावड्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप. त्या जीपमध्ये नऊ माणसांची जागा होती आणि सोळा भरल्याशिवाय ती हलायची नाही. अठरा वर्षं तिनं हे केलं. मग एका पावसाळ्यात पाठ धरली ती सोडेचना. कल्याणच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला लावून पाहिली आणि म्हणाले, "बाई, जीप बंद. नाहीतर नोकरी बंद. दोन्ही जमणार नाही."

बदलीचे अर्ज तीनदा करून झाले होते. दवाखान्याच्या पायरीवर ती जरा टेकली आणि म्हणाली, "चौथीची पोरं आत्ता कुठं नीट वाचायला लागलीत हो." एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. गाडी येईपर्यंत कमरेला पट्टा बांधून त्याच जीपनं जाणं मात्र चालूच होतं. गाडी तीच चालवणार होती. मी फक्त गाडी निवडायची होती. इतकं सोपं काम माझ्याकडे देण्यात तिची चूक झाली, असं मला आजही वाटतं.

त्या वेळी मी पंचेचाळिशीत होतो. शहापूरच्या एका कचेरीत कारकून. किन्हवलीमार्गे मोटारसायकलवरून जाणंयेणं, वर्षानुवर्षं. हेल्मेटमध्ये राहून राहून डोक्यावरचे केस गेले होते आणि खुर्चीत बसून बसून पोट आलं होतं. संध्याकाळी घरी पोचलो की चहा पिण्याइतकाही जीव अंगात उरायचा नाही. अशा माणसाच्या हातात कुणी गाड्यांचं मासिक देऊ नये. माझ्या हातात ते शहापूरच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलनं दिलं आणि मी कामातून गेलो.

दोन हजार सालानंतरच्या त्या दशकाच्या शेवटी छोट्या डिझेल गाड्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. त्यातल्या दोन गाड्यांवर मी येऊन थांबलो. एक लाल, एक राखाडी. दोघींचीही जाहिरात 'स्पोर्टी' म्हणून. लाल गाडी हलकी, चपळ, बुटक्या पैलवानासारखी. टर्बो एकदा जागा झाला की मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. राखाडी वजनानं भारी, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज. पण पिकअप असा की ॲक्सिलरेटर दाबावा, विचार करावा, आणि मग ती निघावी. मासिकात दोघींची शर्यत लावली होती. लाल जिंकली होती, एक पूर्णांक काहीतरी सेकंदांनी. त्या सेकंदांचं मी टोकावड्याच्या रस्त्यावर काय करणार होतो, हा प्रश्न मला पडलाच नाही. गावात कुणाची एक कोंबडी गाडीखाली आली की रातोरात एक स्पीडब्रेकर उभा राहतो, असा तो रस्ता.

मी मात्र कचेरीत टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, बोलायला लागलो होतो. लाल गाडीत किती न्यूटन मीटर आहेत ते एकदा डबा खाताना सांगितलं. समोरचा सहकारी आटगावचा, शेती सांभाळून नोकरी करणारा. त्यानं चपातीचा घास थांबवून विचारलं, "आमच्या विहिरीवरच्या पंपाला किती असतील ओ?" मी मासिकातलं पान आठवू लागलो. "असतील तेवढेच," तो म्हणाला, "पर तो घरी ऱ्हातो. पाय नाय घसरत त्याचा." त्यानंतर मी डबा खाताना गप्प बसायला लागलो.

आता माझ्या खऱ्या घोटाळ्याकडे येतो.

आमच्या तालुक्यात म्हसा गावाला पौषात जत्रा भरते आणि बैलांचा मोठा बाजार असतो. नव्वदच्या सुमाराला वडील मला तिथं बैल घ्यायला घेऊन गेले होते. मी तरणा, बैल पारखण्यात शून्य. एक पांढरा बैल मला भयंकर आवडला आणि मी जाऊन त्याच्या मानेवरून हात फिरवला. वडिलांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "हात लावलास, मेला तो यवहार," म्हणाले. मग तिथंच नियम सांगितला. मनात असलेल्या बैलाकडं बघायचं नाय. शेजारच्याची तारीफ करायची आणि मनातल्याला नावं ठेवायची. आणि सगळ्यात मोठं, कुठला मनात आहे ते घरच्यांनाही सांगायचं नाही, कारण दलाल तुमच्या तोंडाकडे बघत नसतो, तुमच्या घरच्यांच्या तोंडाकडे बघतो.

आमच्याकडे बाजारहाट करणाऱ्या प्रत्येकाला हा नियम ठाऊक असतो. मी तो शोरूमला लावायचं ठरवलं. आणि घरातही पाळायचं ठरवलं. बायको सरळ स्वभावाची. तिचे वडील पोस्टात होते, त्या घराण्यात कुणी बैल घेतलेला नाही. सेल्समनसमोर ती "यांना लाल फार आवडलीय" असं बोलून मोकळी झाली असती, म्हणजे मग भाव उतरायची बातच नको.

म्हणून मनात लाल आणि तोंडात राखाडी, असं माझं सुरू झालं. जेवताना मी राखाडीच्या सीटची स्तुती करायचो. लाल गाडी रस्त्यात दिसली की "पोराटोरांचं खेळणं" म्हणून मान फिरवायचो. मान फिरवली की डोळे मागे राहायचे, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

टेस्ट ड्राइव्हला दोन्ही गाड्या कल्याणहून घरी आल्या, एका रविवारी लाल आणि पुढच्या रविवारी राखाडी. बायको अजून शिकत होती, म्हणून चालवायला मी, शेजारी सेल्समन आणि मागे ती. लाल गाडी मी मुद्दाम शाळेच्याच रस्त्यावर घातली. टर्बो जागा झाला आणि पंचेचाळीस वर्षांचा मी पंचवीसचा झालो. सेल्समन म्हणाला, "सर, तुमचा हात मस्त बसलाय." मी आरशात पाहिलं, स्वतःकडे बघायला खरं तर. आरशात बायको दिसली. तिनं दोन्ही तळवे सीटवर टेकवून अंग थोडं उचलून धरलं होतं, खड्डा आला की हादरा हातांवर जावा म्हणून. ओठ घट्ट. मी ते पाहिलं. पाहिलं आणि नजर काढून पुन्हा वेगाच्या काट्यावर ठेवली. बाकीच्या चुका मी लोकांना हसत सांगतो. ही आजवर कुणाला सांगितली नव्हती.

पुढच्या रविवारी राखाडीतून त्याच रस्त्यानं गेलो. येताना मागून आवाज आला नाही म्हणून वळून पाहिलं, तर ती काचेला डोकं टेकून झोपली होती. घरी उतरताना म्हणाली, "ही जरा बरी वाटली. पण तुम्हाला कुठली आवडली?"

नियमाप्रमाणे मी म्हणालो, "हीच की! त्या लालमध्ये काय ठेवलंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, फसली.

सोमवारी मी शेवटचा डाव टाकला. लाल गाडीच्या सेल्समनला घरून फोन लावला. तो तयारच होता. "सर, मग लाल फायनल करू ना?"

"अहो कसली लाल!" मी आवाज चढवला. "माझ्या मिसेसची पाठ मोडायची आहे का? मला शर्यती नाही लावायच्या, मला माझं माणूस शाळेत सुखरूप पोचवायचंय. तुमची लाल तुम्हालाच लखलाभ. मी राखाडी घेतोय."

बोलता बोलता मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की शेवटी आवाज जरा कापरा केला. फोन ठेवला आणि वळलो. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, हातात पिठाची परात. तिचे डोळे भरून आले होते.

"अहो," ती म्हणाली, "मला माहीत होतं तुम्हाला लाल किती हवी होती ते. मासिकातलं लालचं ते पान उघडून उघडून सुटून आलंय."

मी फोन पुन्हा नीट ठेवला. ती आत गेली आणि त्या दिवशी चहात आलं नेहमीच्या दुप्पट होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत सांगितलं. शाळेतून ते टोकावड्याला गेलं, टोकावड्याहून तिच्या माहेरी शहापूरला. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, मानलं तुम्हाला. आमच्या हिच्यासमोर तुमचं नाव काढायची सोय ठेवली नाही तुम्ही." सासूबाई पहिल्यांदाच माझ्याशी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ बोलल्या. कचेरीतल्या आटगाववाल्यानं माझ्या डब्यात स्वतःच्या शेतातल्या वांग्याची भाजी घातली आणि काही विचारलं नाही. फुकटच्या चांगुलपणानं माणूस किती दमतो, ते मला त्या आठवड्यात समजलं.

आणि गुरुवारी फोन आला. लालच्या सेल्समनचा.

"सर, मॅनेजरला पटवलं. तुम्ही म्हणाल त्या भावात लाल देतो. वर सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप सगळं आपल्याकडून. बोला सर!"

म्हणजे नियम बरोबर होता. दलाल उतरला होता. जन्मात पहिल्यांदा मी एखादा बाजार जिंकलो होतो. आणि जिंकलेला बैल मला दावणीला बांधता येत नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"सर, का पण?"

"सांगितलं ना परवा."

"सर, ते मला वाटलं तुम्ही असंच बोलत होता, भाव पाडायला. गावाकडचे सगळे कस्टमर तसंच बोलतात."

पोरगं हुशार होतं. माझ्या घरात तेवढं कुणी हुशार असतं तर माझी सुटका झाली असती, असं वाटून मी ओसरीवर आलो, तर तिथं वडील बसले होते. सगळं ऐकलं होतं. फोनवर मी ओरडतो, ही आमच्या घराण्याचीच सवय.

"लाल काय वाईट होती रे?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच नियम पाळला, बाबा."

"नियम बैलाचा. बायकोला कोण बाजारात उभी करतो?" त्यांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "आता सांगशील तिला?"

"सांगू का?"

"तुजं तू बघ. मी नाय सांगत."

राखाडी गाडी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. बायकोनं नारळ फोडला, मी हसरा चेहरा करून फोटोला उभा राहिलो. त्या फोटोत मी दाढ दुखत असल्यासारखा दिसतो. पण सुट्टीभर तिनं सराव केला. क्लच जड होता, पहिल्या दिवशी गाडी चौदा वेळा बंद पडली. मी चौदा मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शेवटच्या दिवशी एकदाही पडली नाही.

शाळा उघडली त्या सकाळी मी रजा टाकून तिच्या डाव्या बाजूला बसलो. ठरवलं होतं की टोकावडे सोडलं की सांगून टाकायचं. भात कापून झालेली शेतं दोन्ही बाजूंना मोकळी पडली होती. तिचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर रस्त्यावर.

"अगं," मी सुरुवात केली, "ही गाडी मी खरं तर..."

"थांबा हं, पुढे ब्रेकर आहे," ती म्हणाली. ब्रेकर गेला. त्यापुढे खड्डा आला. मग दुसरा ब्रेकर. तिला गाडी चालवताना बोललेलं चालत नव्हतं. अशी आम्ही शाळा गाठली.

ती उतरली. मागच्या सीटवरून पिशवी घेतली, वह्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि ताठ चालत पायऱ्या चढून गेली. वर पोरं ओरडली, "बाई गाडीतून आल्या!" तिनं वळून विचारलं, "काय सांगत होतात तुम्ही?"

"काही नाही. हँडब्रेक ओढलास ना, तेच."

"ओढला." आणि ती वर्गात गेली. थोड्या वेळानं पोरांचा एकसुरात कविता म्हणण्याचा आवाज आला.

गाडी संध्याकाळपर्यंत तिथंच राहणार होती, तिला परतायला लागणार होती. मला टोकावड्यापर्यंत जीप पकडणं भाग होतं. जीपवाल्यानं मला ओळखलं आणि ड्रायव्हर आणि गिअरच्या मध्ये जेवढी जागा असते तेवढी दिली.

"बाई दिसल्या नाय आज?"

"गाडी घेतली त्यांनी."

"हां, ती राखाडी काय? शाळेपाशी बघितली." त्यानं बाहेर पाहून आणखी दोन माणसं आत ढकलली. "म्हंजे बाई शाळा सोडत नाय?"

"नाय सोडत," मी म्हणालो.

"बरं झालं. माजी पोर चौथीला हाय." त्यानं माझा गुडघा बाजूला सारला आणि गिअर टाकला.