मी तसाच ठेवलेला शब्द

आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत तीन वडील असायचे. वयाने वडील नव्हे. पाळकांच्या खालोखाल ज्यांच्या शब्दाला मान, ते वडील. कोणाला प्रभुभोजनाला बसू द्यायचं, कोणाला थांबवायचं, कोणाचं बोलणं देवाकडचं आणि कोणाचं मनचं, हे पारखायचं काम आमच्याकडे असे. मी त्या तिघांतला एक होतो. ते काम मी एकदा कसं केलं, हे आठ वर्षं कोणाला सांगितलं नाही. तसा मी कमीच बोलतो. लोकांना ते गांभीर्य वाटायचं.

आमचं चर्च सिकंदराबादला, रेल्वे क्वार्टर्सच्या मागे. येणारी म्हणजे जुनी रेल्वेतली घरं, आणि अलीकडे कुकटपल्लीकडे राहणारी पुण्याची सॉफ्टवेअरवाली मंडळी. संडे स्कूल घेणाऱ्या एक विधवा बाई होत्या, त्यांना सगळे बाईच म्हणत. मलकपेठेत जन्म, तिथेच सासर, तिथेच शिवणकाम. कोणाच्या घरी आजारपण असलं, मन थाऱ्यावर नसलं की त्या जायच्या. हातावर हात ठेवून दोन-चार वाक्यं प्रार्थना करायच्या, मग नुसत्या बसून राहायच्या. माणसाला बरं वाटायचं. याला चमत्कार कोणी म्हणत नव्हतं, त्याही म्हणत नव्हत्या.

सासूबाई गेल्या आणि माझ्या बायकोची झोप उडाली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. प्रार्थना तर मी रोजच करत होतो. मग तिनेच बाईंना बोलावलं. दर बुधवारी दुपारी त्या मलकपेठेहून बस बदलून यायच्या. मी बँकेतून परतायचो तेव्हा ही गाढ झोपलेली असायची, गालावर उशीचे वळ. मला आनंद व्हायचा, खोटं कशाला सांगू.

एका बुधवारी मी लवकर घरी आलो. बाई दारात चपला घालत होत्या.

"भाऊ, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोला की."

"ताई आईच्या दुःखाने जागत नाहीत. तुमच्या धास्तीने जागतात. आपलं काय चुकलं, तुम्ही काय म्हणाल, हेच चालतं त्यांच्या डोक्यात. तुम्ही ओरडत नाही, माहीत आहे मला. ओरडला असता तर बरं झालं असतं."

"तुमची बस चुकेल," मी म्हणालो.

त्या रात्री मी बायकोला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पुढच्या रविवारी चर्चबाहेर आमच्यातले दुसरे वडील, रेल्वेतले निवृत्त गार्ड, हसत म्हणाले, "काय हो, वडील तुम्ही आणि प्रार्थना लागू पडते बाईंची?" मीही हसलो. पण महिन्याभरात मीच म्हणालो, की बाईंमध्ये बोलतो तो आत्मा कोणता, हे पारखायला हवं. कुठल्याही घरातलं गुपित यांना कसं कळतं?

असं वाक्य एकदा उच्चारलं की नको म्हणणारा कोणी निघत नाही. नको म्हटलं तर तोच विश्वासात कच्चा ठरतो. मला हे ठाऊक होतं.

त्या काळात आम्हाला मराठी पाळक नव्हते. काही महिने किनारी आंध्रातले एक तेलुगू पाळक यायचे. मराठी त्यांना येत नव्हती, हिंदी तुटपुंजी, इंग्रजीत सूचना वाचून दाखवत. मनातलं बोलायचं झालं की तेलुगूच. गार्डसाहेबांचं आयुष्य हिंदीवर गेलेलं. तिसरे वडील कुकटपल्लीचे, पुण्याहून येऊन दोनच वर्षं झालेली. दोघांनाही तेलुगू कळत नव्हती. माझी नोकरी तालुक्यातालुक्यातल्या शाखांत झाली, म्हणून तेलुगू पक्की होती ती माझी. पाळक बोलायचे आणि मी मराठीत सांगायचो.

उपासनेनंतर सभा बसली. बाईंना बोलावलं होतं. दाराजवळ मुलांच्या ठेंगण्या बाकावर त्या बसल्या, हातात शिवणाची पिशवी तशीच. मी तक्रार मांडली. पाळकांनी ऐकलं, बाईंकडे पाहिलं, डोळे मिटून प्रार्थना केली. मग तेलुगूत म्हणाले, "नाकु अनुमानं उंदि."

तेलुगूत अनुमान म्हणजे शंका. मला शंका आहे, असं ते म्हणाले. आणि शंका कसली ते त्यांच्या पुढच्या वाक्यात होतं: या बाईविरुद्ध एवढं बोलायला आपल्याजवळ काय आहे?

मी पुढचं वाक्य सांगितलंच नाही. पहिलंही भाषांतर करून सांगितलं नाही. त्यातला शब्द सगळ्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकला होता. मी तो तसाच ठेवला.

"ऐकलंत ना? पाळकसाहेबांचं अनुमान आहे," मी म्हणालो.

मराठीत अनुमान म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. विचार करून काढलेला निष्कर्ष. गार्डसाहेबांनी मान हलवली. "मग प्रश्नच मिटला. देवाच्या माणसाने पारखलं."

बाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी मला विचारलं, "भाऊ, पाळकसाहेब एवढंच म्हणाले का?"

त्यांच्या मलकपेठेतल्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू. त्यांची तेलुगू माझ्यापेक्षा चांगली होती. प्रश्न ऐकला आणि हे मला आठवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत राग नव्हता. शाळेत पोराला उत्तर येतंय, पण ते बोलत नाहीये, तेव्हा शिक्षिका थांबते ना, तशा त्या थांबल्या होत्या.

"एवढंच," मी म्हणालो.

ठराव मीच लिहिला. बाईंनी घरोघरी प्रार्थना घेऊ नये, संडे स्कूल घेऊ नये, पुढचा निर्णय होईपर्यंत प्रभुभोजनाला बसू नये. पाळकांनी विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं, वडिलांचं मत बाईंनी काही दिवस थांबावं असं आहे. ते म्हणाले, "मीरु पेद्दलु." म्हणजे तुम्ही मोठी माणसं, तुम्ही ठरवा. आणि न वाचता येणाऱ्या मराठी कागदावर त्यांनी सही केली.

पुढचा निर्णय कधी झालाच नाही. पाळक बदलून गेले. बाई काही रविवार मागच्या बाकावर येऊन बसल्या. प्रभुभोजनाचं ताट जवळ आलं की मान खाली घालून ते पुढे द्यायच्या. मग यायच्या थांबल्या. बायकोने एकदाच विचारलं, "बाई का येत नाहीत?" मी म्हणालो, "पाळकसाहेबांचा निर्णय आहे." तिने पुन्हा विचारलं नाही. झोप परत उडाली ती उडालीच.

गेल्या वर्षी ती म्हणाली, "एकदा बाईंना बोलवाल?" मी मलकपेठेला गेलो. गल्ली सापडली. बाई खिडकीशी साडीला फॉल लावत होत्या. चष्मा जाड झालेला.

"या भाऊ. बसा. चहा टाकते."

"चहा नको. मी कबूल करायला आलोय."

"हौ. कळलं मला दारातच," त्या म्हणाल्या. पण सुई ठेवली नाही.

मी सगळं सांगितलं. त्यांना माहीत होतंच. मग विचारलं, तेव्हा तुम्ही का नाही बोललात?

"तुम्ही वडील होता. वाटलं, आज नाही तर पुढच्या रविवारी तुम्हीच उठून सांगाल. मी येऊन बसायची ना मागे? त्यासाठीच यायची."

मी म्हणालो, "बायकोने बोलावलंय तुम्हाला. याल?"

त्यांनी पुढचा टाका घातला. "तुमच्यावर राग नाही, भाऊ. माफ केलं मी, केव्हाच. पण येऊन काय करू? आता कोणाच्या हातावर हात ठेवला की आधी मनात येतं, हे बोलतंय ते कोण? देव, का मी, का अजून कोणी? पूर्वी असं नव्हतं येत. आता मला माझंच अनुमान येतं."

शब्द त्यांनी तेलुगू अर्थाने वापरला. मलकपेठेतल्या मराठीत तो तसाच चालतो.

मी म्हणालो, मंडळीत उभा राहून सांगतो. "सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी सांगा."

सांगितलं. वडीलपण सोडताना उपासनेत उभा राहून सांगितलं. गार्डसाहेब वारलेले, कुकटपल्लीचे पुण्याला परतलेले. समोरच्या निम्म्या लोकांनी बाईंना पाहिलेलंही नव्हतं. आताचे पाळक मराठी आहेत, भले आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोन भाषांत अशी गफलत होतेच हो. देवाला मन कळतं." मी म्हणालो, गफलत नव्हती. ते म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." बाहेर चहा घेताना एकाने विचारलं, तेलुगूत अजून असे कोणकोणते शब्द आहेत? दोन-तीन जण गमतीने सांगायला लागले.

बायको तिथेच होती. घरी आल्यावर म्हणाली, "तेव्हाच वाटलं होतं मला. पण तुम्हाला कसं विचारणार?"

आता मी निवृत्त आहे, दुपारी घरीच असतो. परवाच्या बुधवारी ती पलंगावर पडली होती. मी विचारलं, "मी प्रार्थना करू?"

"करा की," असं म्हणून ती जागा द्यायला भिंतीकडे सरकली. मी तिच्या हातावर हात ठेवला. डोळे मिटून दोन वाक्यं बोललो, तिसरं आठवेना. डोळे उघडून पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती. आपलं काही चुकलं का, अशी.