पाणी संपलं की वाजणारी घंटा

औशाला माझं वायरिंगचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. नव्या पाट्या, नवी ऑफिसं, नवे साहेब, आणि नळाला नुसता वारा. पाऊस असा रुसला होता की लोक आभाळाकडं बघायचंसुद्धा विसरले होते.

दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसले, माझा मात्र उठला. खोटं कशाला बोलू? विहिरीतलं पाणी तळाला गेलं की मोटार कोरडी फिरते आणि जळते. मी विहिरीत तरंगता फुगा सोडायचो. पाणी खाली गेलं की फुगा लोंबायचा आणि घरात घंटा वाजायची. घंटा वाजली की घरातलं कुणीतरी पळत जाऊन मोटार बंद करायचं. फुग्याच्या स्विचला तीन वायरी असतात. एक मधली, एक फुगा वर गेल्यावर चालू होणारी, एक खाली गेल्यावर चालू होणारी. मी कायम खालची जोडायचो. निलंग्यापर्यंतच्या किती विहिरींत जोडली, मोजदाद नाही. लोक मला घंटेवाला मिस्त्री म्हणायचे आणि मी त्या नावानं फुगून बसलो होतो. माझ्या हाताला चूक म्हणणारा कुठल्या मायनं जन्माला घातलाच नाही, असं मला खरंच वाटायचं.

जवळच्या तलावाचं पाणी आटत आटत मधल्या खड्ड्यात जाऊन बसलं होतं. काठावरची पाणी ओढायची विहीर कोरडी पडली. तेव्हा नव्या साहेबानं डोकं लढवलं आणि कोकणाकडून एक जुनी लोखंडी होडी ट्रकवर घालून आणली. होडीत मोठा पंप बसवला, खड्ड्याच्या मधोमध सोडली, पाइप काठावर आणला. गावाला चार दिवसाआड पाणी यायचं ते ह्याच होडीच्या जिवावर. होडी बघायला बैलगाड्या करून लोक आले होते. मराठवाड्यात होडी, तीसुद्धा दुष्काळात! आडात न्हाई थेंब अन् तळ्यात व्हडी, असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालंही.

पण होडी गळकी. तळाच्या खिळ्यांतून पाणी झिरपायचं. ते उपसायला एक म्हातारा भोई रोजंदारीवर ठेवला होता. दिवसातून चार-पाच वेळा तो पाण्यातून होडीवर जायचा, तेलाच्या पत्र्याच्या डब्यानं पाणी बाहेर फेकायचा आणि तळ फडक्यानं पुसून घ्यायचा. नव्या जिल्ह्यात मस्टरवरची, म्हणजे रोजंदारीच्या हजेरीपटावरची, जुनी माणसं कायम करणार, अशी तेव्हा हवा होती. म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या मस्टरात अडकलेला. भेटेल त्याला सांगायचा, "एवढं नाव कायम झालं की म्या अन् म्हातारी सुटलाव बगा."

साहेबानं मला बोलावलं. होडीच्या पोटात लहान पंप बसवायचा, पाणी साचलं की तो आपोआप चालू व्हायला पाहिजे, आणि सोबत घंटा वाजली पाहिजे. म्हाताऱ्याला साहेब म्हणाले, "आता उपसायला नको. तू काठावर बसून राखण कर. होडी नीट राहिली तर तुझं नाव पुढं पाठवतो."

म्हातारा हरखला. मला नारळ फोडू द्या म्हणून मागं लागला. मी म्हणालो, "म्हाताऱ्या, ही वायर हाय, म्हसोबा न्हाई. बाजूला हो." तो बाजूला झाला नाही. डोळे बारीक करून माझे हात बघत बसला. कुणी असं बघितलं की माझ्या मस्तकात जायचं. मी त्याला मुद्दाम कामं लावली. हे धर, ते आण, पक्कड पाण्यात पडली, बुडी मार. पक्कड मीच पाडली होती. दोनदा.

साहेब, कारकून आणि गावातले दहा-पाच लोक काठावर जमले. म्हाताऱ्यानं सकाळीच होडीचा तळ पुसून लख्ख केला होता. मी काठावरच्या बोर्डाचं बटण दाबलं. घंटा खणखणली, लहान पंप घुं घुं करायला लागला.

"वाजतीय, वाजतीय!" लोक ओरडले.

"बरोबर आहे," कारकून साहेबाला म्हणाला, "आत पाणी नाही ना, म्हणून वाजतीय." साहेबानंही मान हलवली. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कसं वाटणार? आमच्या घरोघरी घंटा वाजायची ती पाणी नसलं की. पाणी आलं म्हणून घाबरायचं असतं, हे ह्या मातीत कुणाला ठाऊक?

म्हातारा तेवढा पुढं आला. "मिस्त्री, व्हडीत पानी न्हाई ही चांगली गोष्ट हाय की. मग घंटा कशापाई?"

मी फुगा हातानं वर उचलला. घंटा थांबली, पंप थांबला. सोडला, पुन्हा वाजली. "बघा साहेब. पाणी आलं, गप. पाणी गेलं, चालू." मग म्हाताऱ्याकडं वळून म्हणालो, "तुझ्या डब्याला घंटा बांधू का? का तुझ्याच गळ्यात बांधू, म्हशीसारखी?"

लोक पोट धरून हसले. म्हातारासुद्धा हसला, बिचारा. मला फार बरं वाटलं. आज लिहिताना तोंडात कडू येतं, पण त्या दिवशी फार बरं वाटलं, हेही खरंच.

तिसऱ्या प्रहरी घंटा आपोआप थांबली, असा मोठ्या पंपाच्या ऑपरेटरचा निरोप आला. मी छाती काढून म्हणालो, "थोडं पाणी साचलं असंल. मशीन हुशार हाय."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत म्हातारा दुकानात हजर. तलावापासून चालत आला होता. पायांवर धूळ, छाती भात्यासारखी वरखाली. दुकानात माझी दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती.

"मिस्त्री, व्हडी खाली बसायलीय. काल तिच्या कडंचा काळा पट्टा पान्यावर दिसायलता, आज दिसंना. म्या आत जातो म्हनलं तर ऑपरेटर जाऊ देईना. मशीनला हात लावायचा न्हाई म्हनला."

"घंटा वाजायलीय का?"

"न्हाई."

"मग झालं की. घंटा न्हाई म्हणजे..."

आणि तिथंच माझी जीभ अडखळली. खालची वायर. मी खालची वायर जोडली होती. विहिरीची सवय होडीत घातली होती. पाणी वाढेल तसा पंप गप, घंटा गप. समोर गिऱ्हाइकं बशीतला चहा फुंकत माझ्या तोंडाकडं बघत होती. तेव्हाच सायकल काढली असती तर होडी वाचली असती. पण अर्धा जिल्हा ज्याला घंटेवाला म्हणतो, त्यानं ह्या भोयाच्या देखत चुकलो म्हणायचं? माझ्यानं ते झालं नाही.

"...म्हणजे सगळं बराबर हाय," मी वाक्य पुरं केलं. "उपसायचं काम गेलं म्हणून तुझा जीव खालवर होतोय. चल, नीघ. बिचकवू नको लोकांना."

तो उभाच राहिला. मी हात उगारला तेव्हा गेला.

चहा संपवून, गिऱ्हाइकं वाटेला लावून मी सायकल हाणली. वाटेत म्हाताऱ्याला मागं टाकलं, पण वळून बघितलं नाही. पोचलो तोवर होडी छातीएवढ्या पाण्यात बसली होती. नुसती कड वर दिसत होती. मोठा पंप पाण्याखाली. ऑपरेटर काठावर उभा राहून हात चोळत होता.

"करंट तोडा," मी ओरडलो, "स्विच वाचवतो!" पाण्यात उतरलो, श्वास कोंडून खाली गेलो, आणि चाचपडत खालची वायर सोडून वरची जोडली. काम दोन बुडीत झालं. हाताला सवय होती ना.

साहेब आले. गावाचं पाणी बंद, वरून फोनवर फोन. कुणाचं तरी नाव हवंच होतं. स्विच उघडला तर वायर जिथं पाहिजे तिथं. मग होडी बुडाली कशी? कारकून म्हणाला, "ह्या म्हाताऱ्यानंच काहीतरी केलं असणार. त्याचं काम गेलं ना." ऑपरेटरला तर आधारच मिळाला. तो म्हणाला, "सारखा आत जाऊ द्या म्हणून मागं लागलता."

म्हातारा हात जोडून म्हणाला, "साहेब, म्या सांगाया गेलतो. मिस्त्रीच्या दुकानात गेलतो. इचारा त्यांला."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "आला होता का हा तुमच्याकडं?"

मला वाटतं, त्या वेळी सगळा तलाव माझं तोंड बघत होता. म्हातारा तर अगदी निर्धास्त होता. खरं काय ते मला माहीत आहे, म्हणजे मी खरंच सांगणार, एवढा साधा हिशोब त्याचा.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "माझ्याकडं कुणी आलं न्हाई."

साहेबानं तिथंच झाडाखाली मस्टर मागवलं, लाल पेन्सिलीनं रेघ ओढली आणि कारकुनाला एक कागद लिहायला लावला. म्हाताऱ्याचा अंगठा घेतला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मीच जवळ उभा होतो.

"मिस्त्री, काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. कामात कसूर केली, होडी बुडवली, सबब कामावरून कमी केलं.

"अन् तुमी काय केलं ते कुठं लिवलंय?"

"माझं काही न्हाई त्यात."

त्यानं अंगठ्याची शाई धोतराला पुसली.

"मग अर्धाच कागद हाय की हो, साहेब," तो म्हणाला.

साहेब हसले. कारकून हसला. मग मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.