कपाशी की विहीर

वाळूजच्या रस्त्यावर पाणी मारणारा टँकर दिसला, की ओल्या दगडी भुकटीच्या वासानं गंगापूरकडच्या आमच्या शेताला लागून असलेला खडी क्रशर आठवतो. त्याच्या धुळीनं ऐन बोंडं फुटताना कपाशी पांढुरकी पडली होती. क्रशरच्या वाटेवर रोज तीनदा पाणी मारा, असं मी मुकादमाला बजावलं आणि त्यानं ते इमानानं मारलंही. पण उतार आमच्या विहिरीकडं होता. आठवड्याभरात पोहऱ्यातून राखाडी पाणी येऊ लागलं. मी चुलत्यांना घेऊन पुन्हा गेलो आणि विहिरीच्या वरच्या अंगाला चर खणा म्हणालो. जागा क्रशरची, नाहीतर आम्हीच खणला असता. मुकादम म्हणाला, "साहेब, धूळ बसली का नाय?" "बसली, पण विहीर नासली." "मंग पाणी बंद करतो. कपाशी का विहीर, तुमीच सांगा." चुलते वैतागून म्हणाले, "विहीर! जनावरं काय धूळ पितील व्हय?" दुसऱ्या दिवसापासून टँकर थांबला. वहिनी वेचणीला बोंडन्‌बोंड झटकत राहिल्या, आणि चर काही निघाला नाही. आजही कुणी माझ्यापुढं असे दोनच पर्याय ठेवले, की डोकं तडकतं.