दादाच्या रणगाड्याचं दार

माझ्या हातच्या बिरड्यात चाळीस वर्षांत कुणाच्या दाताखाली खडा आलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमचा माझ्यावरचा विश्वास उडेल.

माझा मोठा भाऊ, दादा, कांदिवलीला राहतो. पूर्वी फौजेत होता, राजस्थानच्या वाळूत रणगाडा चालवायचा. आत कसं असतं, असं कितीदा विचारलं, पण त्याचं उत्तर ठरलेलं, "गरम." बस. यंदा त्याला पंचाहत्तर पूर्ण, म्हणून आमच्या ह्यांनी त्याच्याच रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल मागवलं. रविवारी दादा मुलुंडला आमच्याकडे जेवायला येणार, तेव्हा हातात द्यायचं.

खोका उघडला तर आत रणगाडा नव्हताच. नुसत्या वाळूच्या रंगाच्या जाळ्या, आणि त्यांना लटकलेले शेकडो तुकडे. काही तर मोहरीएवढे.

"मी शिंकले तर अर्धी फौज गारद," मी म्हटलं. हे हसले नाहीत. निवृत्त ड्राफ्ट्समन ना, नकाशा समोर आला की चेहरा परीक्षेचा होतो.

मला आपली एकच उत्सुकता. "अहो, ह्यात दादा बसायचा कुठे?"

ह्यांनी खोक्यातल्या नकाशावर बोट ठेवलं. "इथे, पुढे. ह्या झाकणातून आत उतरायचं."

"एवढ्याशा? आपल्या बाथरूममध्ये तो आडवा होऊन शिरतो."

"तेव्हा बारीक होता."

शनिवारी दुपारी हे जरा आडवे झाले. मी टेबलावर मोडाचे वाल सोलायला बसले (रविवारच्या बिरड्याचे, दादाला दुसरं काही नको असतं). वाल संपले, परात भरली, आणि समोर त्या जाळ्या. मला रिकाम्या हातानं बसवत नाही. म्हटलं, तेवढीच ह्यांना मदत. नेलकटर घेतलं आणि एकूण एक तुकडा तोडून मोकळा केला. एखादा टुणकन उडायचा, मी पकडायचे. नुसते तोडले नाहीत हो, निवडले. चाकं ताटलीत, काड्या पेल्यात, आणि बारीकसारीक सगळं मिसळणाच्या जुन्या डब्यात, आकाराप्रमाणे, सात वाट्यांत. रिकाम्या जाळ्या सुक्या कचऱ्यात. गाडी आली, घेऊन गेली.

हे उठले. डब्याकडे बघत राहिले.

"जाळ्या कुठायत?"

"टाकल्या."

"नंबर त्यांच्यावर होते."

"कसले नंबर?"

"कुठला तुकडा कुठे लावायचा त्याचे. तुकड्यावर नसतात, जाळीवर असतात."

"मग आता?"

"आता वाट लागली."

चाकं ओळखीची निघाली. पुढे सगळं अंदाजपंचे.

"हे काय असेल गं?"

"कढईचा कान वाटतोय."

"मग कानासारखा लाव."

असे आम्ही दोन कान लावले, एक धुराडं दुर्बीण म्हणून बसवलं, आणि रविवारी सकाळी खरंच रणगाडा उभा राहिला. फक्त एक तुकडा कमी. दादाचं झाकण. कॉटखाली शोधलं, केरसुणी झटकली, ह्यांनी माझा अंबाडासुद्धा तपासला. मला रडूच यायला लागलं. ज्यात दादाला शिरता येत नाही, तो दादाचा रणगाडा कसला? शेवटी ह्यांनी त्या भोकावर शर्टाचं बटण चिकटवलं.

दादा आला. चष्मा लावून रणगाडा गरागरा फिरवला. दोन्ही कान चाचपून पाहिले. बोट बटणावर थांबलं.

"हे काय गो?"

"बटण."

"इथे माझं दार होतं."

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, दादा सांगत सुटला. सीट कशी खाली जायची, दार लावलं की फक्त काचेच्या फटीतून कसं दिसायचं, वाळू दातात कशी यायची, सीटखाली हा कांदे कसे लपवायचा. मी वाढायचं विसरून ऐकत बसले. शेवटी ह्यांनीच ताटं घेतली.

तिसऱ्या घासाला दादा चावायचा थांबला. तोंडातून काहीतरी काढलं, पुसलं, उजेडात धरलं. सोललेल्या वालाएवढं, वालाच्याच रंगाचं, आणि एका कडेला बारीक बिजागरी.

"सापडलं गो," दादा म्हणाला, आणि पुढचा घास घेतला.

हल्ली तो रणगाडा कांदिवलीला दादाच्या शोकेसमध्ये आहे. झाकणावर त्याच्या दाढेची खूण आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आधी तीच दाखवतो. मी मात्र अजूनही सांगते, माझ्या बिरड्यात कुणाच्या दाताखाली खडा आलेला नाही. रणगाड्याच्या दाराला खडा कोण म्हणतं?