अण्णांचं वायरिंग आणि पहिला चहा

रविवारची गोष्ट. मी गॅसची शेगडी घासत होते आणि बाहेर कट्ट्यावर माझे थोरले दीर, अण्णा, भाजीवाल्या आक्काला हृदयातला करंट समजावत होते. स्वतःच्या दुखण्यावर इतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या वडगावात दुसरा नसेल.

अण्णा वीजखात्यात लाईनमन होते. थायरॉईड कमी पडल्यानं नाडी मंद झालीय, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांना निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. "हृदयाला स्वतःचं वायरिंग असतंय गं. वर ठोका सुरू करणारी गाठ, तिथनं खाली लाईन. त्या गाठीच्या पेशींत रिसेप्टर असत्यात. थायरॉईडचं हार्मोन त्यांच्यावर जाऊन बसलं की ठोके नीट. न्हाय बसलं की लोडशेडिंग!" सांबरा गावातल्या एका लग्नात त्यांनी हे नवऱ्यामुलाच्या मामाला ऐकवलं. पंगती उठल्या, मामा उपाशी. खासबागेतला न्हावी तर त्यांना लांबून बघितलं की शटर ओढतो.

एवढं ज्ञान, पण डोस वाढवूनही नाडी काही चढेना. परवा डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पेसमेकरचा विचार करावा लागेल. तेव्हा अण्णांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

शेगडी घासता घासता मी खिडकीतून विचारलं, "अण्णा, गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. का गं?"

"नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग तासभर चहा न्हाय, असं डॉक्टरांनी सांगितलं न्हवतं?"

"ते सगळ्यांनाच सांगत्यात."

"चहाबरोबर गोळी अंगाला लागत न्हाय. तुमच्या रिसेप्टरवर काय बसणार, वेलदोडा?"

आक्का पदरात तोंड लपवून हसली. अण्णा हसले नाहीत. "पहिला चहा न्हाय सुटायचा," एवढंच म्हणाले.

जाऊबाई गेल्यापासून ते पहाटे उठून दोघांचा चहा करतात, दोन कपांत ओततात आणि दोन्ही स्वतःच पितात. हे मला ठाऊक होतं. गोळीही त्यातच जाते, हे नव्हतं.

"सोडू नका. तासभर उशिरा घ्या."

"तासभर एकट्यानं काय करू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. गोळी पाण्याबरोबर गिळायला लावली. तासभर रिसेप्टर ऐकले, अगदी वरच्या गाठीपासून. मग त्यांनी चहा केला, दोन कपांत ओतला.

दुसरा कप मी उचलला. साखर फार होती.