दुबई दीड तासावर

आमच्या बाबांचा एक कायदा होता. सणाला लेकीला सासरहून आणायला माहेरचा मुऱ्हाळी सकाळी न्याहारी करून निघाला, की दिवेलागणीला तिला घेऊन अंगणात हजर झाला पाहिजे. लेक द्यायची ती तेवढ्याच टप्प्यात. म्हणून माझी थोरली बहीण बुलढाण्यात पडली. आत्या देऊळगाव राजाला, म्हणजे अगदी हद्दीवर!

आणि मला पसंत पडला तो दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावरचा सुपरवायझर. तसा मूळचा चिखलीकडचाच, घर शेतीवालं, माणसं चांगली. मध्ये फक्त समुद्र होता. करीन तर याच्याशीच, नाहीतर जन्मभर धाडच्या बाजारात तुमची वांगी विकीन, असं मी घरात सांगून टाकलं होतं.

"कितीक दूर हाय ते?" बाबांनी टमाट्याच्या क्रेटवर बसून विचारलं.

"विमान मुंबईहून दहाले निघते, दुबईत साडेअकराले उतरते."

शपथेवर सांगते, यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागे असतात, एवढंच मी बोलले नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही, त्याला मी काय करू? शिवाय मुंबई गाठायला लागणारी रात्रही मी धरली नव्हती.

"काय बोलून राह्यली व? दीड तासात त आपली एस्टी चिखली पार करत नाही. किलोमीटर किती?"

दादा माझ्या बाजूचा होता. जवळजवळ दोन हजार आहेत हे त्याला ठाऊक होतं. तो खाकरला. "विमानाले किलोमीटर नसतात, बाबा. खाली रस्ताच नाही, त मोजन कोन?"

बाबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मी चहा ठेवून बाहेर आले, तेव्हा "हाव. जमते मंग," म्हणाले. लग्न झालं.

पहिली दिवाळी आली आणि माझी चांगलीच जिरली. थोरलीला आणायला दादा निघाला, हे फोनवर कळलं. माझं नावही कोणी काढेना. बाबांना फोन द्या म्हटलं की "वावरात हायेत". जेव्हा पाहावं तेव्हा वावरात! नवरा म्हणाला, सुट्टी मिळत नाही. मी आधी भांडले, मग मोरीत जाऊन रडले. आपण माहेराला परक्या झालो, असंच वाटायला लागलं. स्वतःच्या हुशारीचा इतका राग कधी आला नव्हता.

वसुबारसेला दुपारी बेल वाजली. दारात बाबा! कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. मागे माझा नवरा दात काढत उभा. व्हिसा, तिकिटं, सगळं या लबाडांनी गुपचूप केलं होतं.

"चाल व, कपडे भर. मुऱ्हाळी आला," म्हणत बाबांनी माझ्या कपाळावर टिचकी मारली. "दीड तास म्हने! काल दुपारी घर सोडलं म्या. कंबरेचा पार भुगा झाला."

"तुम्हाले कधी समजलं?"

"त्याच दिवशी. तू चहा ठेवाले आत गेली, अन् म्या जवायाले फोन लावला."

"मंग हो काऊन म्हटलं?"

बाबा खाली वाकून चपला काढत होते. त्या काढायला त्यांनी उगाच वेळ लावला.

"तुले जाचं होतं ना व. म्हटलं, आनाले आपल्यालेच लांब जा लागन."