विहिरीतली निळी रेघ

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. नातवंडांना गावच्या गोष्टी सांगताना पाहणीची गोष्ट नेहमी सांगितली, पण अर्धीच. लोक हसतात तिथे थांबायचो. आता वय ऐंशीच्या पुढे गेलं, उरलेली अर्धी ठाऊक असलेलं माझ्याशिवाय कुणी राहिलं नाही. आणि लिहायला बसलो तर हात असा धावतोय की मलाच नवल वाटतंय.

साठ सालानंतरची ती वर्षं. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो आणि वडील, गावच्या शाळेचे मास्तर, दिवसातून एकदा तरी माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायचे. अशात तालुक्याच्या कचेरीने घरोघरच्या पाहणीसाठी तात्पुरती माणसं घेतली आणि माझं नाव लागलं. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील तक्ते, कानावर पेन्सिल! घरातला केर कुठे टाकता, सांडपाणी कुठे जातं, चुलीचा धूर कुठून बाहेर पडतो, खताचा ढीग विहिरीपासून किती पावलांवर. तोंडवलीच्या अलीकडच्या चार वाड्या माझ्या वाट्याला आल्या. त्यातली एक आमचीच.

पहिल्या आठवड्यातच मी येडा झालो. कचेरीतल्या साहेबांनी शिकवलं होतं की खेड्यातला माणूस घाणीत राहतो, त्याला ते कळत नाही, तुम्ही ते शोधून लिहा. आणि मी ज्या घरात जाई तिथे 'टाकलेल्या वस्तू' हा रकाना कोरा राही. टाकायला कुणाकडे काही नव्हतंच! रॉकेलचा रिकामा डबा म्हणजे पाण्याची बादली. ती गळायला लागली की तुळस लावायची, पत्रा पार सडला की कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर. मी घरी जेवायलाही विसरू लागलो. एका घरी वल्ह्याच्या तुटक्या दांड्याचा पाळणा टांगलेला पाहिला आणि त्यात मूल झोपलेलं. तक्त्यात अशा गोष्टींना जागाच नव्हती. मग मी पट्टी घेऊन प्रत्येक तक्त्यावर स्वतःचा एक रकाना आखला: 'पुन्हा कशाला वापरतात'. कुणी सांगितलं नव्हतं. रकाना भरला की मला एखादा शोध लावल्यासारखं वाटे.

या सगळ्यांत वरचढ होती काकी. आमच्या वाडीतली सगळ्यांचीच ती काकी. नवरा होडीवर तांडेल होता, तो गेल्यावर ती एकटीच मासळी सुकवून बाजारात विकायची. घरामागे तिचे बारा माड. विहीर वाडीची, सगळ्यांची, काकीच्या कुंपणाला लागूनच.

मी पडवीत बसून पेन्सिलीला टोक काढलं.

"काकी, घरातलो केर खंय टाकतंस?"

"टाकूक केर आसाक होयो मरे आदी."

"नारळाची सोडणां?"

"चुलीत."

"करवंटे?"

"एकाचो डवलो केलंय आमटी वाढूक, बाकीचे चुलीत. राख भांड्यांका, उरली ती अळवाक. लिवतंस मा?"

"लिवतंय. फाटक्या लुगड्याचा काय करतंस?"

"आदी गोधडी. मगे पायपुसणां. मगे चुलीवरचो फडको. त्येच्याय पुढे उरला तर तुझ्या सायबाक धाडतंय, टाय बांधूक."

मी हसलो तशी तीही हसली आणि मला हाताला धरून घरामागे घेऊन गेली. तिथे तिची गायरी होती, म्हणजे खताचा ढीग. तारल्यांची डोकी, सुंगटांची म्हणजे कोळंबीची सालं, राख, पालापाचोळा, वर वाळूचा थर, पुन्हा तसंच. आईने पोळ्या रचाव्यात तसे थर.

"वास मारता म्हणान तोंड वाकडा करू नको रे मास्तराच्या झिला. ह्येच वासाचे नारळ तू चवथीक खातंस."

तिच्या तक्त्याच्या पाठची बाजूही मी भरली. त्या दिवशी घरी जाताना मी चालत नव्हतोच, पळत होतो.

आमच्या घराचा तक्ता मात्र मी त्याच संध्याकाळी पडवीत बसून पाच मिनिटांत भरला. स्वतःच्या आईला काय विचारायचं, केर कुठे टाकतेस म्हणून? सगळं माहीतच की! 'सांडपाणी' या रकान्यापाशी पेन्सिल जरा थांबली. आमच्या न्हाणीचं पाणी केळींच्या बुडात जाई. तिथून पुढे कुठे जातं, हे मी दुसऱ्या प्रत्येक घरी विचारलं होतं, आमच्या घरी कधी मनातही आलं नव्हतं. पाहणी करणाऱ्याच्याच घरी शोषखड्डा नाही हे बरं दिसेना. मी लिहिलं, 'शोषखड्डा आहे'. चार दिवसांत खणू, म्हटलं.

गठ्ठा घेऊन कचेरीत गेलो. साहेब घाटावरचे, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी काही तक्ते चाळले.

"हे काय आहे? सगळीकडे उत्तमच उत्तम. तुम्ही पाहणीला गेला होता की पेज प्यायला?"

"साहेब, लोक खरंच काही टाकत नाहीत."

"मग तुमच्या वाडीच्या विहिरीला वास कशाने येतो? तीन घरांत मुलं जुलाबाने आजारी आहेत, दवाखान्यातून कळलंय मला. विहिरीच्या सर्वांत जवळ काय आहे?"

मी सांगितलं. काकीची गायरी, तीस पावलांवर.

"मासळीची डोकी? विहिरीजवळ? आणि तुम्ही इथे कौतुक लिहिलंय?"

माझे कान तापले. त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि शाईचं पेन दिलं. मी लिहिलं, 'विहीर दूषित होण्याचे कारण: शेजारील मासळीच्या खताचा ढीग.' अक्षर माझं चांगलं होतं. साहेब म्हणाले, "आता कशी पाहणी झाली!" आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. आजारपणाचं कारण मी शोधून काढलं होतं! तालुक्याच्या सभेत साहेबांनी तो तक्ता वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावर मी ताठ बसलो होतो.

दोन दिवसांनी वाडीतल्या पुरुषांनी फावडी घेऊन काकीची गायरी उपसली आणि टोपल्या भरभरून समुद्रात टाकली. काकी पडवीत बसून बघत होती. एकदाच म्हणाली, "माडांचा जेवाण व्हरतास रे." टोपल्या चालूच राहिल्या. वर असंही ठरलं की विहिरीचं पाणी सुधारेपर्यंत काकीने आपली कळशी विहिरीत सोडायची नाही. मासळीचे हात, मासळीचा दोर. ती टेकाडापलीकडच्या व्हाळावर, ओढ्यावर, पाण्याला जाऊ लागली. डोक्यावर एक, कमरेवर एक.

पाणी काही सुधारलं नाही.

चैत्र लागला, विहिरीचं पाणी खाली गेलं. शाळेत शिक्षणखात्याचे दिपोटी तपासणीला यायचे होते, म्हणून आईने वडिलांची धोतरं काढली. मास्तरांचं धोतर दिपोट्यापेक्षा पांढरं दिसायला हवं, हा तिचा हट्ट. तिने बादलीत नीळ घातली, जरा जास्तच, आणि धोतरं पिळून झाल्यावर सगळी बादली न्हाणीत ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर कळशी सोडली आणि खाली बघितलं. पाण्याच्या वर दोन हात, चिऱ्यांच्या भेगेतून, एक रेघ खाली उतरली होती. निळी. ओली. आमच्या घराच्या बाजूची.

दोर माझ्या हातातून सुटला. कळशी खाली आपटली त्याचा आवाज अजून ऐकू येतो. घाबरलो, पण त्याआधी क्षणभर, कसं सांगू, मला उचंबळून आलं होतं. सापडलं! केळींच्या बुडातून जांभ्याच्या भोकांभोकांतून आमचं पाणी थेट विहिरीत येत होतं. साबण, खरकटं, धाकट्या भावंडांचं धुणं, सगळं. आमचं घर विहिरीपासून लांब होतं, पण चढावर. पावलं मोजायची शिकवली होती साहेबांनी. उतार बघायचं मला सुचलं नव्हतं.

पळत घरी आलो. आईला विहिरीवर नेलं. तिने वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"बाबांका सांगू नको," एवढंच म्हणाली. दिपोटी येणार होते. मला कायम नोकरी मिळेल असं साहेब बोलले होते. कचेरीत तक्त्यावर माझ्या अक्षरात 'शोषखड्डा आहे' असं होतं.

मी कुदळ घेतली. तो लिहिलेला खड्डा खणायला लागलो. आमच्या त्या लाल कातळात, भर उन्हात, दोन दिवस. हाताला फोड आले तरी थांबवेना. विहिरीपासून दूर, उताराच्या पलीकडे पाणी वळवलं, खड्ड्यात दगड, खडी, वाळू भरली. आई पेज घेऊन आली आणि काठावर उभी राहिली.

"जां लिवलंस तां आता खरा करतंस मरे."

मी वर बघितलं नाही. मला वाटत होतं, खड्डा झाला की सगळं सरळ होईल. पाणी सुधारलं की काकीची कळशी परत विहिरीत जाईल, कुणाला काही सांगायची गरजच पडणार नाही. किती हुशार वाटलं होतं ते!

वाडीने विहीर उपसून लाल औषध टाकलं. पंधरा दिवसांत वास गेला. मुलं बरी झाली. आणि वाडी म्हणाली, "बघलास? गायरी गेली, काकीची कळशी बंद झाली, पाणी शुद्ध झाला." माझ्या खड्ड्याने काकीला सोडवलं नाही. तिच्यावरचा आळ पक्का केला. बंदी मग कुणी उठवलीच नाही. उठवायची कशाला, जिच्यामुळे पाणी सुधारलं?

त्या सुमारास मला कायम नोकरीचं पत्र आलं. वडील सुस्कारे टाकायचे थांबले.

काकीच्या माडांनी दोन वर्षांत नारळ धरायचे कमी केले. व्हाळाची वाट तिच्या गुडघ्यांना झेपेना. मुलगी दोडामार्गाकडे दिली होती, ती येऊन तिला घेऊन गेली. जाताना काकी आमच्या दारावरून गेली. मी घरात होतो. बाहेर आलो नाही.

पुढे एकदाच भेटली. मी कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, एसटीच्या थांब्यावर ती मुलीबरोबर पिशवी घेऊन उभी. वाळली होती, पण मला तिने लांबून ओळखलं.

"मास्तराचो झिल मा तू? सायब झालंस!"

"नाय गो काकी. कसली सायबी."

"बावीचा पाणी आता बरा आसा?"

"बरा आसा."

"बरा झाला." ती पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. "माका वाटता, माझ्यामुळां पोरां दुखण्यात पडली. कोणाचा तरी काय बरावायट झाला आसता तर? माका कळाक नाय रे. आमी सगळी वर्सां तशीच गायरी घातलव."

मी तोंड उघडलं. निळी रेघ जिभेवर होती. एसटी आली, माणसं धावली, तिच्या मुलीने तिला हाताला धरून वर चढवलं. खिडकीतून काकीने मला हात केला. मीही केला. गाडी सुटली.

मी पुढच्या गाडीने तिच्यामागे जाऊ शकलो असतो. पत्र लिहू शकलो असतो. वाडीत चार माणसांसमोर उभा राहून बोलू शकलो असतो. वडील गेल्यावर तर बोलायला काहीच आड नव्हतं. दर वर्षी ठरवलं. मग ती गेल्याची बातमी आली.

त्या दिवशी थांब्यावर जे बोलायचं होतं ते तेव्हापासून पाठ आहे. काकी, तुझ्या गायरीन पाणी बिघडाक नाय. आमच्या न्हाणीचा पाणी बावीत जाय होता. माका म्हायत होता, आणि मी गप रवलंय. तुझी कळशी मीच बंद केलंय. माका माफ कर गो.